मांजर रुळलं की आई रुळेल

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आईला आणलं. एकदाचं.

आप्पा गेल्यापासून खुटबावच्या वस्तीवर ती एकटीच राहायची. दिवाळीआधी मोटर चालू करायला गेली आणि पाटाच्या चिखलात घसरली. पाय मुरगळला, एवढंच. पण तेव्हापासून गावाकडचा फोन वाजला की मी मीटिंग सोडून बाहेर पळतो. परवा नात्यातल्या एका साखरपुड्यात सगळ्या भावकीसमोर जाहीर करून टाकलं, आई आता कायमची दौंडला, माझ्याकडे. चार जणांनी मान डोलावली. एका चुलत्यानं खांद्यावर हात ठेवला. आता माघार नाही.

आईनं एकच अट घातली. वस्तीवरची मांजर बरोबर पाहिजे. ती राहील तितके दिवस मी राहीन, ती निघाली की मीपण निघाले, असं म्हणाली. आमचं रान वाट्यानं करणाऱ्या म्हस्कूनं मांजर धरून टोमॅटोच्या क्रेटमध्ये घातली आणि वरून पोतं बांधलं. त्याच्या दोन्ही हातांना ओरखडे. एक आईच्या गालावर. गावाकडची जनावरं माया अशीच दाखवतात.

गाडीत नाव विचारलं. आई जरा वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाली, मनी.

तर गणित सोपं आहे. मांजर रुळलं की आई रुळेल. एमआयडीसीत क्वालिटीला अठरा वर्षं काढलीत, मांजर म्हणजे काय मोठं प्रकरण नाही. पंधरा दिवसांत सेट करतो.

संकल्प: आईशी रोज अर्धा तास निवांत बोलायचं. उद्यापासून. आज क्रेट धुवायचाय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मांजर फ्रिजच्या मागे. बाहेर यायला तयार नाही. ऑनलाइन मागवलेली सुवासिक वाळू ट्रेमध्ये घातली. मांजरीनं ट्रे हुंगला, शिंकली, आणि माझ्या बायकोच्या, राजश्रीच्या कोरफडीच्या कुंडीत जाऊन आली. राजश्री शाळेत शिकवायला निघाली होती, ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला चांगलं ओळखता येतं.

आई मजेत आहे. बेडरूममध्ये पलंगावर बसलेली असते. काही तक्रार नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मांजर रात्रभर ओरडली. शेजाऱ्यांनी लिफ्टमध्ये चौकशी केली, घरात कोणी आजारी आहे का. नाही म्हणालो.

आईशी चर्चा केली. मांजरीचा विषय काढला की आई बोलते, एरवी गप्प. म्हणाली, तिला उन्हाची सवय. थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन अंगावर घेतल्याशिवाय तिला बरं वाटत नाही, सांधे धरतात.

मांजरीचे सांधे धरतात हे मला नवीन होतं. पण आई उगाच बोलणार नाही. गॅलरीला जाळी बसवून घेतली, हॉलमधली आरामखुर्ची तिथं नेली, वर जुनी चादर टाकली. एक नंबर ऊन येतं. थोड्या वेळानं बघतो तर खुर्चीत आई. समजावून सांगितलं की हा मनीचा कोपरा आहे, सुरुवातीला तिला डिस्टर्ब करून चालत नाही. आई लगेच उठली. समजूतदार आहे. आत जाऊन पलंगावर बसली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मोठा धक्का. सकाळी घराचं दार सताड उघडं आणि मांजर गायब. तिन्ही मजले, गच्ची, पार्किंग पालथं घातलं. शेवटी वॉचमनच्या खुर्चीखाली सापडली. हातावर तीन ओरखडे. टिटॅनसचं इंजेक्शन.

वर येऊन बघतो तर आई लुगड्यांची पिशवी भरून सोफ्यावर तयार बसलेली, पायात चप्पल. मांजर गेली असेल तर मी निघते म्हणाली. जबान म्हणजे जबान. मी अभिमानानं मांजर तिच्यासमोर धरली. आईनं कपाळाला हात लावला. आनंदानं असं होतं कधी कधी. नंतर बराच वेळ पिशवीच्या गाठी सोडत होती.

कंपनीच्या पद्धतीनं कारण शोधलं. दार उघडं का राहिलं? कडी सरकली. कडी का सरकली? ढिली आहे. ढिली का आहे? बिल्डर. विषय संपला. दुपारी नवी कडी बसवली, बरीच वर, मांजरीचा पंजा पोचणार नाही अशी. आता ती आईच्याही हाताला येत नाही. पण आईला कुठं जायचंय?

बुधवार, २६ नोव्हेंबर

मांजर खात नाही. मुंबईत करतात तसं पाकिटातलं खाणं घातलं. ढुंकून बघितलं नाही.

आई म्हणाली, हॉटेलागत मऊ चपात्या तिच्या घशाखाली उतरत नाहीत, तिला बाजरीची भाकर लागते. मी म्हणालो, मांजरीला? आई म्हणाली, मांजरीलाच. राजश्री ओट्याकडे तोंड करून हसत होती, का ते कळलं नाही.

आमच्याकडे बाजरी कोणी खात नाही, माझ्या ॲसिडिटीमुळे. स्टेशनजवळच्या खानावळीतून रोजच्या दोन भाकरी लावून टाकल्या. दुधात कुस्करून दिल्या, मांजरीनं ताटली चाटून पुसून ठेवली. राजश्रीनं विचारलं, एक आईंना देऊ का. म्हटलं आईनं कधी मागितली नाही. मागितली तर देऊच की.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मांजरीची भूक वाढली. आज दुसरी भाकरी दुपारीच संपलेली. शुभ लक्षण.

ठेच्याची बरणीपण निम्म्यावर आलीय. मांजर ठेचा खात नसणार. राजश्रीला विचारायला हवं.

रविवार, ३० नोव्हेंबर

सुट्टी. आईशी अर्धा तास बोलायचं आज नक्की ठरवलं होतं. सोफ्यावर बसलो, तिनंही टीव्ही बंद केला. मी विचारलं, मनी आता कशी वाटते?

आई म्हणाली, सगळं आहे तिला इथं, पण बोलायला कोणी नाही. वस्तीवर येणारा जाणारा दोन शब्द टाकतो. इथं दारं लावून बसतात. जो तो सकाळी जातो, दिवेलागणीला येतो आणि मोबाईलमध्ये तोंड घालतो. जीव आंबून जातो तिचा.

एकदम पटलं. हाच मिसिंग पॉइंट. लगेच मांजरीला गॅलरीत घेऊन बसलो आणि बोलायला सुरुवात केली. आधी विषय सुचेना. मग कंपनीतलं सांगितलं. नवा मॅनेजर, रिजेक्शन, ऑडिट. मांजर डोळे मिटून ऐकत होती. माझं इतकं नीट कंपनीत कोणी ऐकत नाही. बोलता बोलता तासभर गेला. मधे आई दाराशी येऊन उभी राहिली होती. तिला खुणेनं सांगितलं, आत्ता नको.

आईशी बोलणं राहिलं. उद्यापासून.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज मांजर स्वतःहून माझ्या मांडीवर चढली. कोणाला सांगू असं झालं. क्वालिटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. सोळा अंगठे.

आई म्हणाली, कांद्याचं रोप लावणीला आलं असेल, मनीला रान आठवत असेल. म्हस्कू दाट लावतो, मग कांदा पोसत नाही, हे तिला बघवणार नाही.

मांजरीला कांद्याचं काय? मला हसू आलं. तरी प्रयोग म्हणून म्हस्कूकडून आपल्या रानाचा व्हिडिओ मागवला आणि मांजरीच्या तोंडासमोर धरला. तिनं जांभई दिली. म्हणजे गावाची ओढ संपली. आईनं मात्र तो व्हिडिओ तीनदा पाहिला. एकदा मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, बघ, दाटच लावलाय.

सोमवार, ८ डिसेंबर

प्रोजेक्ट यशस्वी, असं जाहीर करायला हरकत नाही. मांजर ट्रे वापरते. ऊन खाते, भाकरी खाते, संध्याकाळी मी लिफ्टमधून बाहेर पडलो की आतून आवाज देते. दार उघडं राहिलं तरी उंबरा ओलांडत नाही. काल आईनं स्वतः तिला उचलून जिन्यात ठेवलं, सवय मोडलीय का बघायला असावं. मांजर आईच्या आधी घरात परत.

भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, आई दौंडला छान रमली. चुलत्यानं नमस्काराचे हात पाठवले. राजश्रीनं विचारलं, हे आईंना विचारून लिहिलं का. म्हटलं मांजरीकडे बघ, कळेल.

आईला ही बातमी सांगितली, मनी आता पूर्ण आपली झाली. आईनं मांजरीला मांडीवरून खाली ढकललं. मग म्हणाली, लई बिनकामाची निघाली. लाडानं म्हणतात असं.

गुरुवार, ११ डिसेंबर

आई गेली.

संध्याकाळी घरी आलो तर मांजर दारात, आई नाही. राजश्रीनंच तिला सकाळी स्टेशनवर सोडलं, शाळेला रजा टाकून. वरची कडीपण तिनंच काढून दिली. म्हणे, आई आठ दिवसांपासून तिला खुटबावला जाणाऱ्या डेमू गाडीची वेळ विचारत होत्या. मला का नाही सांगितलं म्हणालो, तर म्हणाली, तुम्ही गॅलरीत बोलत असायचा.

आईचा निरोप: मनीला तिथं करमतंय, तिला राहू द्या.

हा सरळसरळ अटीचा भंग आहे. मांजर राहील तोवर राहीन, असं ठरलं होतं. मांजर आहे. मी माझी बाजू शंभर टक्के पूर्ण केली. फोन लावला, आई पोचली होती, वस्तीवरच्या बायकांचा गलका ऐकू येत होता. काय झालं काय झालं विचारलं तर म्हणाली, काय न्हाई रं, रविवारी ये.

भावकीला काय सांगायचं हा प्रश्न आहेच. पण बेडरूममध्ये गेलो आणि पलंगावरची घडी घातलेली गोधडी बघितली, तेव्हा भावकी आठवली नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

रविवार, १४ डिसेंबर

प्लॅन असा होता: मांजर गाडीत घालून खुटबावला न्यायची, तिला बघून आईचं मन पाघळेल, दोघींना घेऊन संध्याकाळपर्यंत परत.

वस्तीवर पोचलो. आई वाफ्यात बायकांबरोबर रोप लावत होती. महिनाभर आमच्याकडे सोफ्यावरून उठताना गुडघे धरायची, तीच बाई उकिडवी बसून सरसर पुढं सरकत होती. मला बघून हात धुऊन आली. मी गाडीचं दार उघडलं. मांजरीनं एक पंजा मातीत टेकवला, तो झटकला, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. पुन्हा काही उतरली नाही.

आईला म्हणालो, बघ, तुझी मनी तुला ओळखत नाही.

"माझी कुठली ती," आई म्हणाली. "गोठ्यामागं आली व्हती आठ दिसांपासनं. कुनाला हात लावू देत न्हवती. सगळ्यांत द्वाड बघून उचलली. म्हटलं, ही काय चार भिंतींत ऱ्हात न्हाई. ही पळाली की मलाबी घराकडं येता येईल. तुला न्हाई म्हनवत न्हवतं रं, तू एवढा भावकीत सांगून बसलेला."

मी म्हणालो, पण ऊन, भाकरी, बोलणं, ते सगळं तूच तर सांगितलंस.

"लेकी बोले सुने लागे म्हनत्यात. मी महिनाभर मांजरीच्या नावानं बोलले. सून समजली, मांजर समजली. तुलाच काय लागलं न्हाई."

रागावली नव्हती, हसत होती. त्याचंच जास्त लागलं. मी गप्प बसलो. म्हणजे बसायला गेलो. बाजेवर माती होती म्हणून आधी रुमाल टाकला. मग ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून बाज सावलीत ओढली. मग माशा. आई हे सगळं बघत उभी होती. तिनं एकदा गाडीतल्या मांजरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दोघंबी पक्कं फ्लॅटचं झालाय," ती म्हणाली. "ऱ्हावा एकमेकाला धरून. मला मोटरीपाशी तेवढी फरशी टाकून दे. घसरले मोटरीपाशी, आन् उचलून नेलं दौंडला."

म्हस्कूला घेऊन माप घेतलं. शहाबादी फरशी परवा टाकतो. मोबाईलवरून मोटर चालू करायचा स्टार्टरपण बसवतो. रात्री म्हस्कूची बायको धुरपदा आईच्या सोबतीला झोपते, ते आधीपासूनच ठरलेलं होतं म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मांजरीला.

निघताना आईनं मेथीची जुडी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या. भाकरी मनीसाठी आहेत, असं बजावलं.

संकल्प: आईला रोज फोन. अर्धा तास. फक्त तिच्याबद्दल विचारायचं. आणि उद्यापासून म्हणजे उद्यापासूनच.

सोमवार, १५ डिसेंबर

दुपारी कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन लवकर आलो. गॅलरीत बसलो, पाण्याची बाटली जवळ घेतली, फोन लावला. आई, तू कशी आहेस, विचारलं. मांजरीचं नावसुद्धा काढलं नाही.

आई म्हणाली, बायका वाफ्यात खोळंबल्यात, आत्ता बोलाय येळ न्हाई, ठेव.

उरलेला अर्धा तास मांजरीशी बोललो. कालचं सगळं सांगायला घेतलं. आईचा विषय आला तशी मांजर उठली, आळस दिला, आणि आत जाऊन आईच्या पलंगावर झोपली.