आबांनी न चाखलेलं तेल

आणि चेष्टाच करायची होती, तर ती परत घ्यायला तरी थांबायचं ना आबा. तुम्ही बोलून मोकळे झालात, नवव्या दिवशी निघून गेलात, आणि घरी आई ते बोलणं मनाला लावून दोन वर्षं कोरडी भाकरी खात बसली. तुमच्याशी भांडताना मी कधी जिंकलो नाही, कारण तुम्ही मधेच हसायचात आणि विषय तिथंच मिटायचा. आता हसायला तुम्ही नाही. आज इथं सौदीत शुक्रवारची सुट्टी आहे, खोलीतली बाकीची पोरं कपडे धुवायला गेलीत, आणि मी माझं म्हणणं या वहीत शेवटपर्यंत मांडल्याशिवाय उठणार नाही.

तो शेंगोळ्यांचा दिवस आठवा. मंचरच्या डॉक्टरनं तुमच्या छातीचा कागद बघून तेल निम्म्यावर आणा म्हणून सांगितलं होतं, त्याला महिना झाला होता. आई चमच्यानं मोजून तेल घालायची आणि तुम्ही ताटाकडं बघून तोंड वाकडं करायचात. त्या दिवशी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केलेले. ताटातून वाफ निघतेय, आई शेंगदाण्याचं कच्चं तेल वरून थेंब थेंब सोडतेय, आणि तुम्ही तिच्या हाताखालून हात घालून बाटलीच वाकडी केलीत. "ओत गं. देवापुढं दिवा लावतीस का काय?" आई म्हणाली, "डॉक्टर काय म्हनला ते इसरला व्हय?" तर तुम्ही, "त्या डॉक्टरनं शेंगोळे खाल्ल्यात का कधी? तुज्या हातच्या तेलानं मेलो तर सरळ वर जाईन, मधी कुटं थांबायचं काम न्हाई." दादा हसला, वहिनी पदर तोंडाला लावून हसली, मला तर ठसका लागला. आईपण हसली. ती हसली हे मला पक्कं आठवतंय, म्हणून तर जास्त राग येतो. नवव्या दिवशी सकाळी टोमॅटोचे क्रेट पिकअपमध्ये चढवता चढवता तुम्ही बांधावर बसलात, पाणी मागितलं, आणि पाणी येईस्तोवर सगळं संपलेलं.

तेलाचं तुम्हाला एवढं का, ते मला माहीत आहे. तुमचं लहानपण मेंढरांमागं गेलं. आजा, आजी, घोड्यावर संसार, आणि पाच-सहा तोंडांना तेलाची एक बाटली पंधरा दिवस पुरवायची. तुम्ही सांगायचात, आजी बाटलीत बोट बुडवायची आणि ते बोट तव्यावरून फिरवायची, झाली फोडणी. पुढं निमगाव साव्यात जमीन केली, विहिरीला पाणी लागलं, टोमॅटोनं दोन वर्षं साथ दिली, तेव्हा तुम्ही टीव्ही आणला नाही का मोटरसायकल घेतली नाही. घाण्यावरून तेलाचा पंधरा किलोचा डबा आणलात आणि आईला म्हणालात, आता हात आखडायचा न्हाई. मासवडीच्या रश्श्यावर बोटभर तर्री नसली की तुम्हाला ते पाणीच वाटायचं. आईचा हात सैल झाला तो तुमच्या सांगण्यावरून. तिनं आपल्या मनानं एक थेंबही जास्त ओतला नव्हता, हे तुम्ही जायच्या आधी चारचौघांत बोलायला पाहिजे होतं.

दहाव्याला नदीवर काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणून मी सांगतो. आपल्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी त्याच्या नावानं सोडतात, ते परत तोंडात घालत नाहीत. लोक त्यात लई हुशार. चुलत्यांनी फणस सोडला. आपल्याकडं फणस दिसतो कुणाच्या घरी? शिनोलीच्या आत्यानं जिलेबी सोडली, तिला साखरेचा त्रास, जिलेबी आधीच बंद होती. मी पेढा सोडला. मग सगळे आईकडं बघायला लागले आणि ती म्हणाली, "मी तेल सोडलं." आत्या तुमच्यासाठी सकाळपासून रडत होती, तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. "अगं बाई, तेल कुनी सोडतं व्हय? रोजचं हाय ते. दुसरं कायतरी सांग, लाडू सांग." आई म्हणाली, "त्यांना तेलच आवडायचं." एवढंच बोलली आणि पाण्यात हात घातला. तुमची चेष्टा तिथं नदीवर उभी होती, आबा. आम्हा सगळ्यांना दिसत होती.

तेव्हापासून चुलीवर तिचं पातेलं वेगळं. वहिनी आमच्यासाठी फोडणीचं करणार आणि आई त्याच्या आधी स्वतःपुरतं मीठ घालून उकडलेलं काढून घेणार. कोरडा घास उतरत नाही, मग अर्धी भाकरी खाऊन उठायची. ठेचा कोरडा, पिठलं कोरडं, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचं. पाच-सहा महिन्यांत मी इकडं सौदीला आलो. तुम्ही म्हणायचात ना, हा एका कामावर वर्षभर टिकला तर मी मिशी काढीन. द्राक्षाच्या फवारणीवरून पळालो, चाकणच्या कंपनीतून पळालो, सातवीतून तर आधीच पळालो होतो. इथं आता तिसरा हंगाम चालू आहे. तुमची मिशी गेली असती. पण पहिल्या दोन हंगामांत फोन केला की वहिनी हळू आवाजात तेच सांगायची. आई वाळलीय. ब्लाउज आत घ्यायला दिलेत. कांद्याच्या लागवडीत चक्कर येऊन सरीत बसली, बायकांनी उचलून आणली. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही, पोटभर खात नाहीत, दोन्ही वेळा नीट जेवलं पाहिजे आणि जेवणात थोडं तेल पाहिजे. एकाला तेल कमी म्हणून सांगितलं आणि एकीला तेल पाहिजे म्हणून, आणि आपल्या घरानं दोन्ही उलटं केलं.

मी काम करतो ते तेलाच्याच कारखान्यात, हे तुम्हाला ऐकून गंमत वाटली असती. जैतुनाचं तेल, आपल्याकडं मेडिकलवाला ऑलिव्ह म्हणतो ते. बोराएवढं हिरवं-काळं फळ, आपल्या टोमॅटोसारखंच क्रेटमध्ये येतं. ते धुवायचं, मशीनमध्ये सोडायचं, पलीकडून हिरवंगार तेल पडतं ते डब्यात भरायचं, माझं काम डबे भरायचं. आमचा मुकादम मिसरी आहे, म्हणजे इजिप्तचा, वय तुमच्याएवढं. सकाळी सगळे एका परातीभोवती बसतात, उकडलेला वाल चेचून ठेवलेला, त्यात तो बोटानं खळगा करतो आणि खळगा भरून वाहीपर्यंत तेल ओततो. पहिल्या दिवशी मी माझ्या बाजूचा कोरडा कोरडा खात होतो, तर त्यानं डबा उचलून माझ्यापुढं ओतला. त्याला हिंदीतले दहा शब्द येतात, त्यातले तीन वापरले. "सूखा नहीं खाना." आपल्याकडं ठेच्यात अंगठ्यानं खळगा करून कच्चं तेल घालतात, तेच की हे. त्या दिवशी ठरवलं. आईला मी तेल खायला लावणार. ती ओरडली तरी, रडली तरी, आठवडाभर बोलली नाही तरी.

या उन्हाळ्यात सुट्टीला गेलो ते पाच लिटरचा डबा घेऊनच. मला वाटलं, बघून तरी मन पाघळेल. दुसऱ्या दिवशी बघतो तर डबा देवाच्या फळीवर, हळदीकुंकू लावलेला, आणि निम्मा रिकामा. शेजारच्या बाळंतिणीला एक बाटली पोराला चोळायला, चुलत्यांच्या गुडघ्याला एक, मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला एक. सगळ्या आळीत वास. मी म्हणालो, "आई, हे खायाचं तेल हाय." ती म्हणाली, "मेडिकलातलं तेल कोन खातं? उद्या खोकल्याचं औषिद भातावर घे म्हनशील." म्हणालो, तिकडं सगळे खातात. तर म्हणते, "तिकडं उंटबी खात्यात." मग हळूच म्हणाली, "आन् मी तेल सोडलंय, तुला ठावं न्हाई का?"

त्याच दुपारी आत्या आली होती शिनोलीहून, मला बघायला. जेवायला सगळे बसलो आणि मी विषय काढला. म्हणालो, "आत्या, दहाव्याला काय सोडायचं असतं?" "गेलेल्याला आवडायचं ते." "मग ज्याची चव आबांनी कधी घेतलीच न्हाई, ते त्यांच्या नावानं सुटंल कसं?" दादा म्हणाला, "सातवी नापास, आन् वकील झालास व्हय रं? शब्दात पकडतोय आईला." मी म्हणालो, पकडतोय, आणि सोडणार नाही. आई, तू सोडलंस ते शेंगदाण्याचं. आबांचं तेल ते. ते तू खाऊ नको, मरेपर्यंत खाऊ नको, मी एक शब्द बोलणार नाही. पण हे झाड वेगळं, हा मुलूख वेगळा, आबांचा याच्याशी संबंध काय? आत्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. तुमची थोरली बहीण, दहाव्याचं तीच सांगणार, तिच्या शब्दावर सगळं. शेवटी म्हणाली, "पोरगं बोलतंय ते खोटं न्हाई. भावानं जे तोंडात घातलं न्हाई ते त्याच्या नावानं सुटत न्हाई. खा गं."

आईनं आत्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "खरंच न्हाई चाखलं त्यांनी कधी?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं ठेच्यात अंगठा दाबला. दोन वर्षांत तो अंगठा कुठं दाबायचा ते विसरला नव्हता. मी डबा वाकडा केला आणि आईनं घास तोंडात घातला. पहिल्यांदा तोंड कडू झालं, मग घशात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं का तेलाचं का कशाचं, मी विचारलं नाही. "कडवट हाय," ती म्हणाली. आत्या म्हणाली, "औषिदच म्हन मग." आईनं ती भाकरी संपवली आणि दुरडीतून दुसरी घेतली. दादा उठून बाहेर गेला आणि उगाच पाण्याच्या मोटारीच्या पेटीपाशी उभा राहिला.

आता मी इथून रोज व्हिडिओ लावतो. वहिनीला सांगतो, ताट दाखव. आई म्हणते, "आता काय तिकडनं चाटनार हाईस का?" पण दाखवते. आधी एक चमचा होता. मी भांडून दोन केले, मग रात्रीच्या जेवणात पण. पिठल्यावर, वरणभातावर, शिळ्या भाकरीच्या काल्यात. वहिनीनं एकदा त्यात भजी तळली आणि घरभर धूर केला, तेव्हा सांगितलं, तळायला नको, उतरवल्यावर वरून घालायचं. मागच्या महिन्यात आईनं आपण होऊन शेंगोळ्यांवर घातलं. मला ताट दाखवलं नाही, वहिनीनं सांगितलं. ब्लाउजची शिवण पुन्हा उसवून मोठी केलीय. अजून मी थांबणार नाही. ती पहिल्यासारखी बांधावरून हाक मारायला लागली आणि विहिरीपर्यंत ऐकू गेली की मग बघू.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. डॉक्टरनं सांगितल्यावर मी मंचरच्या मेडिकलमधून ऑलिव्ह तेलाची ती छोटी डबी आणली होती, आठवतंय ना. नारायणगावच्या मार्केटमध्ये पिकअप लावून आपण लिलावाची वाट बघत होतो, आईनं बांधून दिलेला ठेचा-भाकरी मांडीवर. तुम्ही दोन थेंब घेतलेत आणि म्हणालात, "गवत चावल्यावानी लागतंय." मग आणखी घेतलंत. मग उरलेलं बोटानं पुसून घेतलंत. म्हणालात, "वाईट न्हाई राव. पर घरी सांगू नको. तिला वाटंल, तिच्या हातचं तेल मला नको झालं." डबी सीटखाली राहायची आणि महिनाभरात आपण दोघांनी ती संपवली. तुम्हाला ते तेल आवडलं होतं, आबा. आत्याच्या कायद्यानं बघितलं तर तेही सुटलंय, आणि आईनं विचारलं तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो. म्हणून हे लिहिलेलं घरी पाठवता येणार नाही, तिथं दादा सगळं मोठ्यानं वाचतो. वहीतच राहील. पुन्हा विचारलं तर मी पुन्हा नाहीच म्हणणार आहे. दोन डबे विकत घेतलेत, आपल्याकडच्या डिंगोरे गावचा एक पोरगा सुट्टीवर चाललाय त्याच्याकडं दिले, म्हणून या महिन्याला दादाच्या खात्यावर पंचवीस नाही, एकवीस हजार पाठवतोय.