टेबलावर दोनदा ठोका

तारीख चौदा, मंगळवार
दुपार

चि. भावजींस अनेक आशीर्वाद,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, उगाच गैरसमज नको. इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा दुखायचा तेवढा दुखतोय. तुमचे दादा गाडी दुरुस्तीला टाकून घरी बसलेत आणि माझ्याकडे बघत नाहीत, कारण बघितलं की बोलावं लागेल. तुम्ही वन्संकडे जाऊन राहिलात त्याला आठवडा होत आला. वन्सं म्हणतात, तुम्हाला अंगात कणकण आहे. असेल. माझ्यासमोर यायचं म्हटल्यावर कणकण यावी असंच काम केलंत.

फोन तुम्ही उचलत नाही, आणि फोनवर भांडणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून हे पत्र. तुमचे दादा हातात देतील. नव्या लॅबचा निकाल लागलाय, मला कळलाय, आणि तो मी अगदी शेवटी लिहिणार आहे. तोवर मुकाट्याने वाचा.

आधी उजळणी करते, म्हणजे मागाहून 'मला कुठे माहीत होतं' म्हणायला तोंड नको. म्हाताऱ्या मालकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की महिनाअखेर लॅब बंद. इतकी वर्षं आपण तिथे लोकांचे दात बनवले, दाढा घडवल्या, कवळ्या बसवल्या, आणि आता त्यांच्या मुलाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचंय. काढू दे बापडा. त्याच दिवशी मी स्टेशनामागच्या नव्या लॅबमध्ये अर्ज करायचं ठरवलं. जागा एकच होती. तुम्ही काय म्हणालात? "वहिनी, मला या दातांचा कंटाळा आलाय. मी आपला दादाबरोबर गाडीवर जातो." सगळ्यांसमोर म्हणालात. आई साक्षीला आहेत.

त्या लॅबची एक अट होती. अर्जासोबत एक पान लिहून द्यायचं. आपण माणूस म्हणून कसे आहोत, काम कसं करतो, आपल्या शेजारी बसणाऱ्याने काय सांभाळावं. हे ऐकून मला घाम फुटला. दात कसा आहे विचारा, सांगते. मी कशी आहे हे मला कोणी आजवर विचारलंच नव्हतं, सगळे सांगतच आलेत. आई सांगतात, तुमचे दादा सांगतात, वन्सं तर मुद्दाम फोन करून सांगतात. चार कागद फाडले. पाचव्यावर जमलं.

आणि मी मूर्ख बाई, ते जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. की सकाळी आल्यावर मी आधी टेबल पुसते, मग बोलते. कालचं काम आज पुन्हा हातात घेऊन बघते, कारण आपली चूक आपल्याला दुसऱ्या दिवशी दिसते. साचा बिघडला तर घासून लपवत नाही, फोडते आणि पहिल्यापासून करते. आणि माझ्याशी बोलायचं असेल तर हाक मारू नका, पाठीवर हात ठेवू नका, टेबलावर दोनदा ठोका.

तुम्ही घास तोंडात धरून म्हणालात, "वहिनी, ते मधलं परत वाचा ना. काय झकास लिहिलंय!" मी परत वाचलं. लाजत वाचलं हो! जरा सावकाशच वाचलं, तुम्हाला आवडलं म्हणून.

गेल्या बुधवारी मला बोलावणं आलं. लॅबच्या मुख्य बाई आणि ऑफिसमधला एक टायवाला, असे दोघं बसले होते. बाईंनी माझं पान समोर ठेवलं आणि त्याच्याशेजारी दुसरं एक. म्हणाल्या, "या दोन्ही पानांत एकच माणूस दिसतो. आडनावही एकच आहे. आणि हे दुसरं तुमच्या आधी आलंय." मी वाचलं. तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन, भावजी, मुंग्या चालल्यासारखं. टेबल पुसणं तिथे, साचा फोडणं तिथे, आणि खाली ते ठोकणंही तिथे. स्वतःचं म्हणून एकच वाक्य तुम्ही घातलं होतं, 'माझा स्वभाव मनमिळाऊ आहे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर टायवाला मला म्हणतो, "घरात कोणी हुशार असलं की त्याचं बघून लिहायचा मोह होतो. आम्ही समजू शकतो." समजू शकतो म्हणे! ज्याला मी प्लास्टर कालवायला हाताला धरून शिकवलं, त्याचं बघून मी लिहिलं! तोंड उघडलं असतं तर तिथेच रडले असते, म्हणून दात आवळून बसले. त्यांना वाटलं, सापडली.

बाई म्हणाल्या, "बोलणं पुरे. काम करून दाखवा." एक खालच्या जबड्याचा साचा दिला, त्यात एक दाढ नव्हती, ती घडवायची. मी आधी टेबल पुसलं. मेण घेतलं, काम सुरू केलं. बऱ्याच वेळाने मशीनवर साच्याची कड घासत होते, तर हाताखालच्या लाकडाला दोन ठोके बसले. मी मशीन बंद केली, हात बाजूला घेतला आणि मग मान वळवली. बाई माझ्या डावीकडे उभ्या होत्या.

म्हणाल्या, "काल तुमच्या दिरांच्या टेबलावरही मी असंच दोनदा ठोकलं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि म्हणाले, 'या, उघडंच आहे.'"

टायवाला हसला. मला नाही आलं हसू. आत्ता लिहिताना थोडं येतंय, पण ते तुमच्या वाट्याचं नाही. तुम्हाला तरी कसं कळणार? इतकी वर्षं ठोकत तुम्ही आलात. तुमच्या टेबलावर कोणी कधी ठोकलेलंच नाही.

बाई खुर्ची ओढून उजवीकडे येऊन बसल्या. "मी ठोकायच्या आधी तुमच्याशी बोलत होते," म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आलं नाही ना? ते काल म्हणाले, एकाग्रता मोडते म्हणून ठोकायला लागतं. तुम्ही सांगा, कशासाठी?"

आता ऐका. लग्नाआधी एका लॅबमध्ये मी खरं सांगितलं होतं, की लहानपणी माझा कान फुटला आणि डावा कायमचा गेला. त्यांनी मला पाणी दिलं, मशीनजवळ धोका असतो म्हणून समजावलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून कामावर मी कोणाला सांगितलं नाही. घरात तुमच्या दादांना माहीत आहे. आईंना अजून वाटतं, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. तसं उजव्या कानाने करतेच.

आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही लॅबमध्ये नवीन आलात, माझ्या डाव्या हाताला बसलात, अख्खी दुपार माझ्याशी गप्पा मारल्यात आणि संध्याकाळी घरी येऊन गाल फुगवलेत, वहिनी मला हिंग लावूनही विचारत नाही म्हणून. तुमचे दादा तुम्हाला बाहेर घेऊन गेले, काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, काही न विचारता टेबलावर दोनदा ठोकलंत, मी वळले आणि तुम्ही मेण कापायची साधी सुरी मागितलीत. बस. पुढे सगळी लॅब ठोकायला लागली. कोणी का विचारलं तर तुम्ही सांगायचात, "वहिनी रागीट आहे, हाक मारली की अंगावर येते." माझा कान झाकायला तुम्ही मला कजाग केलंत, आणि मी ती आनंदाने झाले. त्या दिवशी घरी आल्यावर बाथरूमचा नळ सोडून मी रडले होते. इतकं चांगलं माझ्याशी कोणी वागलं नव्हतं, सख्खे भाऊसुद्धा नाही.

म्हणून सांगते, बाकीचं चोरलंत त्याचा राग आहे, तो पचवीन. टेबल पुसणं न्या, साचा फोडणं न्या, शोभत नाही तुम्हाला पण न्या. ते ठोकणं मात्र तुम्ही मला दिलं होतंत, भावजी! दिलेली गोष्ट काढून घेतलीत आणि स्वतःच्या नावाने दाखवायला गेलात. वर कारण काय, तर एकाग्रता! तुम्ही आणि एकाग्रता! पंख्यावर चिमणी बसली तर तुमचं दुपारपर्यंत लक्ष उडतं.

तुमचे दादा काल हळूच म्हणाले, "त्याने तुझा कान तर सांगितला नाही ना." वा! चोराने जाताना दार ओढून घेतलं म्हणून त्याला चहा पाजू?

मी बाईंना खरं सांगितलं. दुसरा रस्ता तुम्ही ठेवला नव्हतात. ते पान माझंच आहे हे सांगायचं तर कानाचं सांगणं आलं, आणि कानाचं सांगितलं की पुन्हा पाणी प्या आणि घरी जा. टायवाल्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्या मेणाच्या दाढेकडे बघितलं, उचलली, उजेडात फिरवली. मग विचारलं, "बरं, हे दुसरे गृहस्थ खरे कसे आहेत?"

मी तिथे जे सांगितलं तेच इथे लिहिते. हे तुमचं पान. तुमच्या हातून ते होणार नव्हतंच.

'मी उशिरा येतो आणि येताना कोणालातरी गप्पांत अडकवून आणतो. काम करताना गुणगुणतो, म्हणून लॅबमध्ये मला रेडिओ म्हणतात, आणि तो बंद करायचं बटण कोणाला सापडलेलं नाही. दुसऱ्याची सुरी घेतो, परत देत नाही, मागितली तर माझीच आहे म्हणतो आणि मला ते खरंही वाटतं. चूक झाली तर प्लास्टरच खराब होतं म्हणतो. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की घाबरतो आणि शेजारच्याचं उचलतो. पुढचे दात माझ्याकडे देऊ नका. दाढा द्या. दाढेच्या वरचे खड्डे माझ्यासारखे इथे कोणाला जमत नाहीत, माझ्या वहिनीलाही नाही. शेजारी कोणी गप्प बसलेलं मला बघवत नाही, मग मी त्याच्याशी बोलायची काही ना काही वाट काढतो.'

शेवटचं वाक्य मी तिथे बोलून गेले. परत घेता येत नाही म्हणून लिहिलं.

आता निकाल. जागा मला मिळाली. एक तारखेपासून जायचंय. बाई म्हणाल्या, ऐकू कमी येणाऱ्याला धोका असतो तो त्याने सांगितलं नाही तर, सांगितल्यावर बाक कुठे ठेवायचा ते आम्ही बघू. टायवाल्यानेही उठताना टेबलावर ठोकलं. तीनदा. शिकेल.

आणि तुमचं. माझ्या हाताखाली एक मदतनीस लागणार आहे. बाई म्हणाल्या, ते दाढवाले हवेत का ते तुम्ही ठरवा. मी घरी येऊन कोणाला बोलले नाही. आईंनी विचारलं तेव्हा मला ऐकूच आलं नाही. काल जाऊन सांगितलं, हवेत. दया आली म्हणून नाही. मला दाढा चांगल्या लागतात, आणि तुम्हाला दुसरीकडे पाठवलं तर तिथल्या एखाद्या गरिबाचं पान चोराल. माझ्यासमोर असलेले बरे.

अटी ऐका. वर लिहिलेलं पान स्वतःच्या हाताने उतरवून बाईंना द्यायचं, 'मनमिळाऊ' गाळून. सुरी स्वतःची आणायची. आणि माझ्या टेबलावर तुम्ही ठोकायचं नाही. ते आता बाई ठोकतील, टायवाला ठोकेल, झाडायला येणारी मावशी ठोकेल. तुम्ही नाही.

तुमची खुर्ची माझ्या डाव्या हाताला ठेवायला सांगितली आहे. मी मागून घेतली. माफी मागायची असेल तर तिथूनच मागा, दिवसभर मागा, मी कामात असेन.

तुमच्या उजव्या हाताला बसणारी,
वहिनी