कॉइलवरचं कुंकू

बंगळूर, खंडेनवमी, १९६२

गेल्या आठवड्यात यशवंतपूरच्या रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर, आमची गाडी बंद पडली. इंजिनाला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल तापून जळाली होती. आज सकाळी ह्यांनी स्वतःच नवी बसवली, इंजिन छान चाललं. मग आयुधपूजेला मी बॉनेटखालच्या त्या कॉइललाही ओलं कुंकू लावलं. आणि संध्याकाळी गाडी पुन्हा अडखळायला लागली! अंधारात ह्यांनी दाखवलं, इंजिनाकडे जायची वीज निळी ठिणगी होऊन माझ्या कुंकवावरूनच पळत होती.

"स्वल्प थांब, इंजिन बंद करतो. आता पुसून टाक ते. उद्या त्याच फाटकातून जायचंय मला."

कुंकू पुसायचं? ह्यांच्या गाडीवरचं? मीच? हात उठेना. पण ते रूळ... डोळे मिटून पुसलं.

घरात आले ती थेट आरशासमोर. कपाळावरचं जागच्या जागी होतं. तरी पुन्हा एकदा ठसठशीत लावलं.