छताला टांगलेलं पितळ

तीर्थरूप आत्याबाईंना वर्षाराणीचा नमस्कार. मामांच्या उसाला तोड आली का? तुमचे गुडघे कसे आहेत? दुखत असतील तर इतक्यात बरे करून घेऊ नका. माळ्यावर चढता येत नाही, असं खरं सांगता येईल. कारण पुढे येईल.

नांदेडच्या माझ्या प्रदर्शनाविषयी बाबांनी फोनवर सांगितलंच असेल. (ते माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे इतरांशी भरपूर बोलत असणार.) हल्ली चित्रकाराचं नुसती चित्रं काढून भागत नाही, मुळं शोधावी लागतात. माझ्या वर्गातल्या आरतीने पणजीचं जातं शोधलं आणि ती थेट दिल्लीला गेली. मीही गावच्या घरात माळ्यावर चढले. तिथे आजोबांची, म्हणजे तुमच्या वडिलांची, पितळी भांडी होती. घागरी, पराती, हंडे. प्रत्येकावर वेगळं नाव कोरलेलं. लग्नात आहेर देणारा भांड्यावर आपलं नाव घालतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी सगळी भांडी हॉलच्या छताला उलटी टांगली आणि खाली लिहिलं, की गावाने आमच्या घराण्यावर केलेल्या प्रेमाचा हा वारसा आहे. पुण्याहून आलेले समीक्षक त्याखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. (त्यांची मान धरली होती, हे नंतर कळलं.)

भांड्यावर नाव घालायचं दुसरं कारण मला सुचलंच नाही. गावात लग्न निघालं की घरोघरची भांडी एका खोलीत जमा होत. परत जाताना चुकू नयेत म्हणून त्यांवर मालकाचं नाव. आणि त्या खोलीची किल्ली दर लग्नात आजोबांकडे असे. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस गावात नव्हता, असं बाबा म्हणत. परवापर्यंत म्हणत.

उद्घाटनाला आपल्या गावच्या धुरपताबाई आल्या. आता देगलूरला लेकाकडे असतात. वर बघून ओरडल्या, "आगं माय, ही तर माझ्या सासूची घागर! माहेरी पोचती केलीस म्हणून मरेस्तोवर मला चोर म्हणली की ती!" मग त्यांनी शिडी मागितली. लोकांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. मी शिडी धरली. दुसरं काय धरणार? दुसऱ्या दिवशी आपापली भांडी न्यायला गावाहून टेम्पो भरून माणसं आली. त्यांतले चन्नबसप्पा तेवढे उलटे वागले. त्यांनी पिशवीतून एक तांब्या काढला, त्यावर आजोबांचं नाव. "तुमचा बी एक आमच्याकडं राहिला होता. न्हाई कशाला म्हणू?" म्हणजे आमचा खरा वारसा एवढाच, तोही लोकांच्या घरात जपलेला.

छताला आता नुसत्या दोऱ्या आहेत. समीक्षकांना त्या जास्त आवडल्या. हेच प्रदर्शन आता लातूरला जायचं आहे, आणि तिथल्या आयोजकांना मात्र पितळच हवं आहे. पुढच्या आठवड्यात भांडी दिसली नाहीत तर हॉल दुसऱ्याला जाईल, आणि मी बाबांनी बघून ठेवलेल्या शाळेत पोरांकडून आंबे रंगवून घेत बसेन.

असो. तुम्हाला त्रास द्यावा असं मनात नाही. आशीर्वाद असू द्या.

तुमची भाची,
वर्षाराणी

ता. क. तुमच्या लग्नात आजोबांनी दिलेला हंडा आणि दोन पराती तेवढ्या लातूरला पाठवाव्यात. निलंग्याहून येणाऱ्या कुठल्याही एसटीत कंडक्टरच्या हवाली केल्या तरी चालेल.

ता. क. पाठवण्याआधी चिंचेने घासू नका. घासलं की नावं वाचता येतात.

ता. क. घागर मिळाली, पण तिच्यासोबत गेलेला धुरपताबाईंच्या सासूचा हंडा अजून सापडलेला नाही. त्या निलंग्याच्या गाडीची वेळ विचारत होत्या. पत्ता मी दिलेला नाही, बाबांनी दिला. मी फक्त शिडी दिली.