पट्टी नसलेलं भांडं

९ जानेवारी

लिहितोय. पास्टरबाईंचं समाधान व्हावं म्हणून. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आमची बैठक असते, ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय त्यांची. बाईंनी काल सगळ्यांना वह्या वाटल्या. म्हणाल्या, "हातानंच लिहायचं. आणि पहिल्या पानावर आधी त्या माणसाचं नाव."

पेन्सिल टेकवली. हात हलला नाही. बायको नोव्हेंबरात गेली, तेव्हापासून तिचं नाव मला घेता येत नाही. आता कळलं, लिहिताही येत नाही. एरवी चष्मा सापडला नाही तरी त्याच नावानं घर डोक्यावर घ्यायचो.

म्हणून हे दुसरं पान. पहिलं कोरं.

१० जानेवारी

उणे तीस. गाडी सुरू झाली नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

१२ जानेवारी

ॲरिझोनाहून लेकीचा फोन. जोडी म्हणते, "बाबा, बोटं दुखत असतील तर फोनला नुसतं सांगा, तो लिहून घेतो." म्हटलं, घरातलं फोनला कशाला सांगू? हसली. मग म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, तीन पिढ्या अमेरिकेत, तरी हट्टी नॉर्वेजियन." लगेच दोघंही हवामानावर आलो.

१७ जानेवारी

भांडी परत करायला काढली. अंत्यविधीनंतर अख्ख्या गावानं ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिश आणून दिल्या— तोच खिमा, तेच मशरूमचं सूप, वर त्याच बटाट्याच्या खरपूस तुकड्यांच्या ओळी. खाऊन खाऊन कंटाळलो. प्रत्येक काचेच्या भांड्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. मिनेसोटात माणूस एक वेळ मृत्युपत्र करायचं विसरेल, पट्टी नाही.

चर्चमधल्या ग्लॅडिसचं भांडं घासूनपुसून नेऊन दिलं. तिनं आत पाहिलं. काही बोलली नाही. न बोलण्यात आमच्याकडच्या बायका पटाईत. गाडीत बसल्यावर लक्षात आलं— रिकामं भांडं परत करत नाहीत! बायको कधी करायची नाही.

मग तळघरातून तिनं घातलेल्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्या आणल्या. एका भांड्यात एक. लोक खूश. पण फळी रिकामी होत चाललीये, आणि ते लोणचं आता कुणी घालणार नाही. हे कुणाला सांगायचं? बैठकीत जमलं नसतं. इथे लिहिलं.

२३ जानेवारी

वेंडल दारातला बर्फ काढून गेला. शाळेपासूनचा मित्र, पण ट्रॅक्टरवरून उतरत नाही. नुसतं केबिनचं दार उघडतो.

"थंडी आहे."

"आहे."

"मार्लिसला परत दवाखान्यात ठेवलंय."

"बरं."

"बघू."

त्याची बायको मरणाच्या दारात, आणि मी 'बरं' म्हणालो. काय म्हणायचं होतं ते घरात आल्यावर सुचलं. लिहून ठेवतो: वेंडल, आत ये, कॉफी घे. दवाखान्यातल्या त्या खुर्च्या मला माहीत आहेत.

२४ जानेवारी

म्हटलं. वहीत होतं तेवढंच म्हटलं, खुर्च्या सोडून. आला. दोन कप कॉफी आणि ट्रॅक्टरची बॅटरी. मार्लिसबद्दल अक्षर नाही. पण आला, बूट काढून बसला.

३० जानेवारी

तपासणीला गेलो. नर्स म्हणाली रक्तदाब उतरलाय. "काय करताय हल्ली?" म्हटलं, काही नाही. वहीचं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं.

पण फरक आहे, तो मान्य करतो. हात सावकाश चालतो, म्हणून डोक्यालाही त्याच्यामागून यावं लागतं. नुसता बसलो की तेच तेच विचार गोल फिरतात. कागदावर आले की एका टोकाला तरी पोचतात. झोप लागते.

नाव मात्र नाही. आज पुन्हा पाहिलं करून.

४ फेब्रुवारी

एक भांडं उरलंय. पांढरं, हिरव्या फुलांचं, तळाला पट्टीच नाही. रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायकांना दाखवलं. कुणाचंच नाही. ग्लॅडिस म्हणाली, "राहिली ती वर्नाच. हिवाळाभर बाहेर पडत नाही ती. जाऊन विचार."

गेलो नाही. खरं सांगायचं तर हे भांडं घरातून जावं असं वाटत नाही. हे घरात आहे तोवर तिचं अजून काहीतरी चालू आहे. गेलं की संपलं. घासतो, पुसतो, पुन्हा ओट्यावर ठेवतो.

९ फेब्रुवारी

आज तिच्यावर भयंकर चिडलो. निमित्त न सापडणाऱ्या मोज्यांचं. दोन पानं भरली, पेन्सिलचं टोक मोडलं. आता वाचतोय तर मोजे पहिल्या ओळीतच संपलेत. बाकी सगळीकडे एकच— मी आधी जायचं असं ठरलं होतं. तुझ्याशिवाय घरात कसं राहायचं ते तू सांगितलं नाहीस.

फाडणार होतो. राहू दे.

१५ फेब्रुवारी

शेवटी वर्नाकडे गेलो. शहाऐंशी वर्षांची आहे, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लहानपणी रविवारच्या शाळेत तिनं माझा कान धरलेला आहे. भांड्यात शेवटची बरणी होती. ती तिनं ठेवून घेतली आणि भांडं माझ्याकडे सरकवलं.

"ऑरिन, हे माझं नाही. तुमचंच आहे."

मी भांडं उलटून पुन्हा तळ पाहिला.

"माझा मिल्टन गेला तेव्हा तुझी बायको यातून हॉटडिश घेऊन आली होती. पट्टी धुऊन धुऊन निघून गेली. मी परत दिलं नाही. दिलं की मिल्टनचं सगळं आटोपलं, असं वाटायचं मला. म्हातारीचा वेडेपणा."

"तिनं मागितलं नाही?"

"मागतेय कसली! देतानाच म्हणाली होती, भांड्याची घाई नाही. ती गेली तेव्हा म्हटलं, आता तरी घरी जाऊ दे. भाचीच्या हाती भरून पाठवलं."

खरं तर बोलताना तिनं नावच घेतलं, दोनदा; इथे मी बदलून लिहिलंय. मी ऐकून घेतलं.

गाडी सुरू न करता बसून राहिलो. नोव्हेंबरात रडलो नव्हतो. आज रडलो. काचा आतून गोठेपर्यंत.

२१ फेब्रुवारी

आज पहाटे मार्लिस गेली.

खिमा परतला, सूप ओतलं. बटाट्याच्या ओळी वाकड्या आल्या, कडा करपल्या. हिरव्या फुलांच्या भांड्यात. वेंडलला सांगणार, भांड्याची घाई नाही.

तळाला नवी पट्टी लावली, तिच्यावर नाव लिहिलं. मग वहीचं पहिलं पान उघडलं आणि तिथेही लिहिलं.

आर्डिस.