अहो, रेडिओ बंद करा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सुमती रेडिओवर काय बोलते ते आज पहिल्यांदा ऐकलं. तेही राघोच्या इस्त्रीच्या टपरीवर!

घरी ऐकता येत नाही. तिचा फोन लागला की ती आतून ओरडते — 'अहो, रेडिओ बंद करा, तिकडे आवाज घुमतोय.' मी बंद करतो. ती दार लावून घेते. दोन वर्षं हेच चाललंय. पाण्याची तक्रार करत असेल, असं धरून चाललो होतो. 'उल्हास एफएम'वर सकाळी तेच तर असतं — पाणी कुठे नाही, पूल कुठला बंद, रक्त कुणाला हवंय. मध्ये साड्यांचे सेल. समृद्धी नावाची मुलगी कार्यक्रम करते. 'मी तुमची हेल्प करते' असलं मराठी. रोज एक प्रश्न विचारते आणि अख्खं कल्याण-डोंबिवली उत्तर द्यायला धावतं.

आज साडी आणायला सुमतीने मला टपरीवर पिटाळलं. 'आत्ताच जा, मग गर्दी होते.' गेलो. रेडिओ चालू होता. प्रश्न — घरातली कुठली वस्तू नुसती पडून आहे?

'कॅरम बोर्ड,' सुमतीचा आवाज आला. 'कपाटामागे उभा आहे. बापलेक खेळायचे. आता मी तो फक्त पुसते.'

'मग तुम्ही खेळा ना, आजी!'

'अगं, मला कुठलं येतंय? माझी सोंगटी जाते पंख्याच्या दिशेने.'

समृद्धी हसली. राघोही हसला. मला म्हणाला, 'सर, या आपल्या ठाकुर्लीच्या सुमतीआजी. ओळखता?'

'नाही,' मी म्हणालो. का म्हणालो?

४ फेब्रुवारी

एक शर्ट घेऊन टपरीवर गेलो.

राघो — 'काय सर, काल बायकोलाच ओळखत नव्हता! आजींच्या साड्या माझ्याकडेच येतात की.' मग स्वतःच म्हणाला, 'आधी नुसत्या पाण्यावरून भांडायच्या. घरचं बोलायला कालपासून सुरुवात केलीय.'

आज मात्र तिचा फोन लागला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जाहिरात लागली. 'अक्षदा पोळी-भाजी केंद्र, मानपाडा. मऊ पोळी, घरची भाजी.' राघोच्या समोर उभं राहून ऐकली. चेहरा सरळ ठेवला.

अक्षदा माझी सून. तिच्याबरोबर केंद्र चालवणारा अद्वय — माझा मुलगा. बँकेतली कायमची नोकरी सोडून त्याने हे काढलं. मी म्हणालो होतो, 'पोळ्या लाटायला शिकवलं का तुला?' अक्षदा स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. आठवडाभरात दोघं मानपाड्याला गेली. तीन वर्षं झाली.

जाहिरात देतो म्हणजे स्टेशन ऐकत असणार. आता सगळं जुळलं! सुमती समृद्धीशी बोलतच नाही. ती अद्वयशी बोलते. माझ्या नाकावर टिच्चून, अख्ख्या गावासमोर.

राग यायला हवा होता.

११ फेब्रुवारी

शर्ट. राघो म्हणाला, 'रोज एकेक काय आणता सर, गठ्ठाच आणा ना.' मी म्हटलं, 'फिरणं होतं.'

प्रश्न — कुणाला काय सांगायचं राहिलंय?

सुमती — 'आमच्या घरात एक शब्द राहिलाय. "ये." एवढाच. माणसं चारशे पानांचे प्रबंध लिहितात हो, पण हा एक शब्द तोंडातून निघत नाही.'

'आजी, सॉलिड!'

माझा प्रबंध चारशे बारा पानांचा. बाप असाच आहे, समजून घे, असं ती मुलाला सांगत असावी. बारा पानं तिने सोडून दिली, हेही उपकारच.

१४ फेब्रुवारी

स्टेशन विकलं गेलं. महिनाअखेरीला सकाळचा कार्यक्रम बंद. पुढे अंधेरीहून सगळ्या गावांना एकच कार्यक्रम येणार. समृद्धीने हे सांगितलं आणि लगेच मानपाड्यातली पाण्याची बातमी दिली. घसा एकदाच साफ केला. मुलगी वाटली होती त्यापेक्षा खंबीर आहे.

राघोने इस्त्री उभी केली. 'माझ्या भावाच्या, भीमाच्या ऑपरेशनला रक्त यांनी मिळवून दिलेलं, सर. खडवलीवरून एक पोरगा आलेला. ना ओळख ना पाळख. अंधेरीवाल्याला खडवली कुठे आहे ते तरी माहीत असेल का?'

मी घरी आलो. सुमती गवार निवडत होती. तिचा एकुलता एक रस्ता बंद होतोय आणि मी तो चोरून ऐकणारा!

१९ फेब्रुवारी

नात आहे. सान्वी. चालायला लागली.

हे मला इस्त्रीच्या टपरीवर कळलं. सुमती समृद्धीला सांगत होती — 'पलंगाला धरून चालते, मग सोडते, मग स्वतःच टाळ्या वाजवते.' राघो माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

पण मुलाला त्याच्याच मुलीची बातमी कशाला? विचार केला. आपल्याला कळलंय हे त्याला कळावं, म्हणून असेल. मानपाड्याचं कुणीतरी तिला सांगत असेल.

शर्ट टपरीवरच विसरलो.

२४ फेब्रुवारी

शुक्रवारी शेवटचा कार्यक्रम. तो ऐकत असेल. मी फोन करणार. मानपाड्याला रिक्षा जाते, हे मला ठाऊक आहे. पण दारात उभं राहून बोलणं जमणार नाही. रेडिओवर समोर तोंड नसतं.

वाक्य तयार केलं. तीनदा खोडलं. शेवटी — 'अद्वय, अक्षदा, सान्वीला घेऊन या. चूक माझी होती.'

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

टपरीवरूनच लावला. लगेच लागला!

'काका, मागे रेडिओ चालू आहे, आवाज घुमतोय. बंद करता का?'

राघोने बंद केला. टपरी एकदम गप्प. इस्त्रीला आलेल्या दोन बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

'त्र्यंबक. ठाकुर्लीहून.'

'बोला काका, शेवटच्या दिवशी काय सांगाल?'

वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते हे — 'तुमचा कार्यक्रम चांगला होता. फक्त "हेल्प करते" म्हणू नका. "मदत करते" म्हणा.'

'थँक यू, काका! नक्की!' तिचा आवाज ओला होता. मग फोन कट.

राघोने रेडिओ लावला. साड्यांचा सेल चालू होता. तो फक्त म्हणाला, 'चहा सांगू, सर?'

१ मार्च

सकाळी अंधेरीचा कुणीतरी ओरडत होता. सुमतीने उठून रेडिओ बंद केला.

मी म्हणालो, 'आता तुझं बोलणं अद्वयपर्यंत कसं पोचणार?'

ती म्हणाली, 'त्याच्याशी मी रोज दुपारी फोनवर बोलते, तुम्ही झोपता तेव्हा. पहिल्या दिवसापासून.'

'मग रेडिओवर —'

'घरात त्याचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता. म्हणून तर साडी आणायला टपरीवर पाठवलं. रेडिओवर मी तुमच्याशी बोलत होते.'

आज उठलो नाही.