पुळ्ळीला घर

२९ नोव्हें. १९९८, रविवार

सकाळी बाबूचा फोन. तिकडे अमेरिकेत अजून शनिवारची रात्र. भाऊ असला तरी फोनवर तो नेहमी स्टेशनवर उभा असल्यासारखा बोलतो, गाडी सुटायची असते त्याची. मे महिन्यात इकडे कुंभकोणमला येणार का, विचारलं.
"बघतों, अक्का. मीनूच नको म्हणते. तिला तिकडचें कांहीं आठवत नाहीं."
मीनू सात वर्षांची. चार वर्षांची होईपर्यंत आईनं आणि मी वाढवलेली. मग बाबू-वहिनीचं अमेरिकेत बस्तान बसलं, घेऊन गेले. त्यांचीच मुलगी. माझ्या हातून जेवल्याशिवाय झोपायची नाही, ही गोष्ट तेवढी माझी.
फोनवर आली ती कामापुरती. शाळेच्या खिडकीला लावायला कागदाचा स्नोफ्लेक हवाय. आत्या कंप्यूटरवर चित्रं काढते, असं बाबूनं सांगितलेलं. "कॅन यू मेक मी वन?"
हो म्हटलं. बर्फ मी फक्त फ्रिजमध्ये पाहिलाय.

१ डिसें.

मालक नटराजन सारांच्या छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकांचा ढीग. सगळ्या जगाची लग्नं मी जुळवते, कंप्यूटरवर. दुपारी सारांना विचारून बर्फ काढायला घेतला. बाबूनं पद्धत सांगितली आहे. कागदाची घडी अशी घालायची की बारावा हिस्सा वर येतो, निमुळता, दोश्याच्या तुकड्यासारखा. त्या हिश्श्यावर काढायचं आणि कापायचं. उलगडलं की बाकीचे हिस्से आपोआप झालेले. म्हणजे मी तेवढाच हिस्सा काढून मेलनं पाठवायचा, बाबू तिकडे छापणार, मीनू कापणार.
मी आधी सवयीनं, दारातल्या रांगोळीला मांडतो तशा, पुळ्ळ्या, म्हणजे ठिपके, चौकोनात मांडल्या. चार बाजूंचं कोलम झालं, बर्फाला सहा हात असतात म्हणे. मग एकाआड एक, आईच्या पद्धतीनं मांडल्या. सहा बाजू झाल्या. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं.

३ डिसें.

झालं. मधे एक पुळ्ळी, भोवती सहा, त्यांच्या भोवती आणखी. प्रत्येकीला वळसा घालून ओळ, कुठेही न तुटलेली. आई म्हणायची, "पुळ्ळीला घर हवें. एकटी सोडूं नये, आणि ओळ उघडी ठेवूं नये." तसंच केलं. ओळ करडी रंगवली, खाली लिहिलं: करडं ते कापायचं.
बारा हिस्से जुळवून स्क्रीनवर पाहिलं. फार सुरेख. सार येऊन उभे राहिले. "अक्का, हें कोलमच ना?" म्हटलं, अमेरिकेतलं. हसले.
नेटची लाईन संध्याकाळी लागली. गेलं एकदाचं.

१३ डिसें., रविवार

गेल्या रविवारी फोन नव्हता. आज आला. बाबू हसत होता. मीनूनं वर्गात बसून सगळं करडं कापलं, घडी उलगडली, आणि टेबलभर तुकडे. हातात काहीच राहिलं नाही.
"रडली कां?"
"थोडीशी. शेजारच्या पोरीनें आपला एक दिला. लहान आहे, विसरेल."
फोनवर आली नाही. टीव्ही बघत होती.
विसरेल, हेच तर मला नको आहे.

१६ डिसें.

मार्गळी लागली, कोलमांचा महिना. पहाटे गल्लीत सगळ्यांच्या दारात पाणी मारल्याचा आवाज, मग बायकांच्या गप्पा. समोरच्या मंजुळा मामींनी उंबऱ्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत कोलम घातलं, शेणाच्या गोळ्यात भोपळ्याची फुलं खोवली. माझं दार कोरडं. आईला जाऊन वर्ष व्हायचं आहे, तोवर कोलम नाही. अख्ख्या गल्लीत एकच दार तसं, ते माझं. सायकलवाले, दूधवाला, सगळे इतर दारांपुढे कोलम चुकवून वळतात. माझ्या दारावरून सरळ जातात.
वर्षभर याचं काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

१९ डिसें.

आज शहाणपण सुचलं, उशिरा. पाठवलेलं चित्र आपण स्वतः कापून पाहिलंच नव्हतं! आधी कापून बघायचं हे पोराटोरांनाही कळेल. दुकानात छापलं, घडी घातली, कात्री चालवली. उलगडलं. तुकडे मांडीवर.
कोलमचं पीठ जमिनीवर पडतं, जमीन कुठे जात नाही. म्हणून ओळीनं घेरलेली पुळ्ळी सुखात राहते. कागदात ओळ म्हणजे भोक. भोकानं घेरलं की पुळ्ळी सुटली. आईनं घरं बांधली, मी त्या घरांचे खड्डे केले.
मधली पुळ्ळी चटईखाली गेली. शोधून काढली. का, ते माहीत नाही. ठेवली आहे.

२२ डिसें.

आता उलटं करून बघते. सगळं पान काळं. काळं म्हणजे कागद, पांढरं म्हणजे भोक. ओळी काढायच्याच नाहीत, भोकं काढायची. भोकाचा आकारही आकारच असतो: पाकळी, थेंब, बाण. दोन भोकांच्या मधे जे उरतं ते आपोआप फांदी होतं. डोळ्यांना हे वळण लागायला तीन दिवस गेले. बघावं तिकडे आता मधली जागा दिसते. पत्रिकेवर गणपती लावताना मी त्याच्या सोंडेखालची जागाच बघत बसले. सार म्हणाले, "अक्का, तब्येत बरी आहे ना?"
बरी आहे. बोलायला कोणी नाही, एवढंच.

२८ डिसें.

एक युक्ती. चित्रांच्या साध्या प्रोग्राममधे रंगाचा डबा असतो. काळ्या कागदावर एका जागी लाल ओतायचा. जिथवर कागद जोडलेला, तिथवर लाल पसरतो. जिथे काळं राहिलं, ते पडणार.
ओतला. सगळे सहा हात लाल झाले. मधली पुळ्ळी काळीच.
माझ्या हाताला खोडच आहे, तिच्याभोवती वळसा घातल्याशिवाय तो थांबत नाही. वळसा तोडून पुळ्ळीला बाकीच्याशी जोडणाऱ्या कागदाच्या दांड्या ठेवायच्या, मधूनच ओळ उघडी सोडायची. प्रत्येक दांडीला वाटतं, आता आई मागून हात पकडेल.
घरी येऊन दिवा लावला, आईच्या फोटोसमोर मोठ्यानं सांगितलं, की मी ओळ तोडणार आहे. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२ जाने. १९९९

लाल सगळीकडे पोचला. मधे सुद्धा. मधल्या पुळ्ळीला सहा दांड्या.
छापून कापलं. बोटांनी हळूच उलगडलं. एक तुकडा पडला नाही. पातळ, पण धरून आहे. उचलून पंख्याखाली नेला, तरी धरून. दुकानाच्या काचेला चिकटवला. येणारं गिऱ्हाईक पत्रिकेवर तेच हवं म्हणू लागलं. कुंभकोणमच्या लग्नात बर्फ!
मीनूचा पाठवला. खाली लिहिलं: काळं ठेव, पांढरं काप. हळू काप, राणी.

३ जाने., रविवार

फोन नाही.

१० जाने., रविवार

फोन नाही. आपण करावा का? केला आणि ती आलीच नाही तर. नाही केला.

१५ जाने.

काल पोंगलचा सण. मंजुळा मामी वाटीभर शर्करै पोंगल, गुळाचा भात, देऊन गेल्या. "एकटीनें बसूं नकोस गे, ये कीं आमच्याकडे." दुखवट्यातली पाहुणी सणाच्या घरी शोभत नाही, म्हटलं. खरं म्हणजे त्यांच्या घरात नातवंडं आहेत.

१७ जाने., रविवार

फोन. बाबू नव्हता, मीनूच! आधी श्वासाचा आवाज. मग,
"आत्या, पडला नाहीं."
मराठीत. तीन वर्षांनी. मी "काय?" म्हटलं, पुन्हा ऐकायला.
"पडला नाहीं. विंडोवर आहे. टीचरला सांगितलें, माय आत्या."
मग तिनं विचारलं, मधला तो गोल काय आहे. म्हटलं, पुळ्ळी. "पुळ्ळी," ती म्हणाली, बरोब्बर, जीभ वर नेऊन. तो 'ळ' मी शिकवलेला. फोन ठेवल्यावर खूप रडले. छान वाटलं.
बाबूला मे महिन्याचं विचारायचं राहिलंच.

२४ जाने., रविवार

विचारलं. "तिला उन्हाळ्याचा कँप आहे, अक्का. आणि तिकिटें... बघतों." मागून मीनूचा आवाज, काहीतरी विचारत होती. काय ते कळलं नाही. तो म्हणाला, पुढच्या रविवारी नक्की सांगतो. वर्षश्राद्धाला येणं जमत नाही, हेही त्यानं त्याच दमात सांगून टाकलं. ओरत्तनाडूचा चुलतभाऊ करेल.

२८ जाने.

आईचं वर्ष झालं. भटजी, पिंड, कावळा. कावळा लगेच शिवला. आईला घाई असायचीच. चुलतभाऊ चारच्या बसनं गेला.
भांडी घासून ठेवली. घर फार मोठं आहे.

२९ जाने.

पहाटे दार उघडून सडा घातला. पिठाचा डबा वर्षभरानं काढला, किडे नव्हते. हात विसरला असेल वाटलं होतं. नाही विसरला. एकाआड एक पुळ्ळ्या, मधे एक, भोवती सहा. ओळ घालत गेले. उठून उभी राहिले तेव्हा समोरून मंजुळा मामी बघत होत्या.
"चांगलें झालें गे. पण ओळ मिटली नाहीं बघ. तिथें, मधे."
खरंच. मधल्या पुळ्ळीपाशी वाट राहिली होती. हाताला दांडी ठेवायची सवय लागलेली. चिमटीत पीठ घेतलं, वाकले.
आणि मिटवली नाही.
"राहूं द्या मामी," म्हटलं. "कोणी आत यायचें आहे."
सायकलवाला आला, कोलम चुकवून वळून गेला.
उद्याही तेवढी जागा सोडेन. परवा रविवार.